नदीच्या चवीचं आमिष

अमेरिकेच्या मध्यभागातल्या कॅन्सस, मिसूरी, आयोवा या राज्यांत नदीकाठच्या लहान गावांमध्ये पेट्रोलपंपाला लागून जे दुकान असतं, त्यातला एक फ्रिज थांबून पाहण्यासारखा असतो. दूध आणि शीतपेयांच्या शेजारच्या कप्प्यात थर्माकोलच्या पांढऱ्या वाट्या रचलेल्या असतात. झाकण उचललं की काळी ओलसर माती, आणि तिच्यात पेन्सिलीएवढ्या जाडीची गांडुळं. त्याखाली कोंबडीच्या कलेजीचे डबे. बाजूच्या फळीवर रुंद तोंडाच्या प्लॅस्टिकच्या बरण्या, आणि त्यांवर मिशाळ कॅटफिशचं चित्र. या बरण्यांमध्ये जुनं चीज, दळलेले मासे, रक्त असा ऐवज महिनोन्‌महिने मुरवलेला असतो. गळावर तो धरून राहावा म्हणून काही जण त्यात पाणकणसाचा कापूसही मिसळतात. बरणी उघडली की उघडणारा माणूस आधी तोंड फिरवतो, आणि त्याच्या तोंड फिरवण्यालाच आमिषाच्या अस्सलपणाची खूण मानलं जातं. कॅटफिश हा चिखलातला, काहीही खाणारा मासा, म्हणून जितकी दुर्गंधी जास्त तितकं आमिष चांगलं, अशी एक पक्की समजूत त्यामागे आहे. या समजुतीत थोडं तथ्य आहे. पण ती उभी आहे माणसाच्या नाकावर. आमिष निवडण्याची विद्या मात्र ते नाक बाजूला ठेवल्यावरच सुरू होते, असं मला वाटतं.

आपल्या शिंगाळ्याच्या, शिवड्याच्या आणि मागुराच्या या दूरच्या अमेरिकी भाऊबंदांत तीन जाती मोठ्या मानाच्या: चॅनेल कॅटफिश, ब्लू कॅटफिश आणि फ्लॅटहेड. तिघांच्याही अंगावर खवलं नाहीत. तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या. गढूळ पाण्यात, रात्रीच्या वेळी डोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही, तिथे यांचं सगळं शरीरच जिभेचं काम करतं. माणसाच्या तोंडात काही हजार रुचिकलिका असतात. पूर्ण वाढलेल्या कॅटफिशच्या अंगावर त्या एक लाखाहून जास्त असतात. मिशांवर त्यांची दाटी सर्वांत मोठी, पण ओठांवर, पाठीवर, कुशीवर, परांवर, थेट शेपटीपर्यंत त्या पसरलेल्या असतात. या माशाच्या शेपटीपाशी मांसाचा तुकडा आला, तरी त्याला त्याची चव लागते. ही गोष्ट एकदा नीट मनात उतरली की पाण्याचं चित्रच पालटतं. आपल्याला जो मातकट, एकसुरी प्रवाह दिसतो, तो त्या माशाला चवींच्या अनेक धाग्यांनी विणलेला लागत असणार. एक धागा वरच्या बाजूला मेलेल्या माशाचा, एक काठावरून गळून पडलेल्या तुतीचा, एक पावसाने धुऊन आलेल्या शेतातल्या मातीचा.

हे केवळ कल्पनेचं काम नाही. जी. एच. पार्कर यांनी १९१० साली कॅटफिशपुढे कापडाच्या पुरचुंड्या टांगून पाहिल्या, काही रिकाम्या आणि काहींत चिरलेली गांडुळं. मासे गांडुळांच्या पुरचुंडीपाशीच घुटमळले. पण घ्राणाचे मज्जातंतू तोडलेले मासे तिच्याजवळून काही न कळल्यासारखे निघून गेले. म्हणजे नाक हवंच, असं वाटलं. मग १९६७ मध्ये बार्डाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की गंधाची वाट बंद केली, तरी कॅटफिशच्या कुळातला बुलहेड केवळ चवीच्या आधारे पाण्यातून अन्नाच्या उगमापर्यंत पोहोचू शकतो. पुढे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीतले जॉन कॅप्रिओ यांनी चॅनेल कॅटफिशच्या मिशीतल्या मज्जातंतूंचे विद्युत्‌संकेत टिपले, आणि ती मिशी नेमकं काय ओळखते ते कळलं: प्रथिनांचे सुटे घटक, म्हणजे अमिनो आम्लं, त्यातही ॲलानिन आणि आर्जिनिन. एक लिटर पाण्यात एका ग्रॅमचा जेमतेम कोटीवा भाग ॲलानिन असलं, तरी ते मिशीला जाणवतं. बरणी उघडताना आपलं नाक ज्याला घाबरतं, ते हे नव्हे. ॲलानिन आणि आर्जिनिन हवेत उडून नाकापर्यंत येतच नाहीत. माशाला जे बोलावतं त्याचा आपल्याला पत्ता लागत नाही, आणि आपल्याला जे पळवून लावतं ते माशाच्या दृष्टीने बहुधा दुय्यम असतं.

एवढं धरून चाललं, की आमिष तयार करण्याच्या जुन्या रीतींचा अर्थ लागू लागतो. ब्लू कॅटफिशसाठी जाणती माणसं पहाटे पाग टाकून गिझार्ड शॅड धरतात. हा चंदेरी, काटेरी, तारल्यांच्या नात्यातला मासा. तो पाण्याच्या बादलीत मरू न देता बर्फावर ठेवतात, कारण पाण्यात पडून राहिला तर त्याचा रस तिथेच उतरून जातो. गळ टाकायच्या वेळीच त्याचे आडवे तुकडे करतात. डोक्याकडचा तुकडा आतड्यांसकट ठेवतात, कारण सर्वांत जास्त रक्त आणि पित्त तिथून सुटतं. गळाचं टोक मांसात बुडवत नाहीत, उघडं ठेवतात. वाहत्या पाण्यात काही वेळाने तुकडा फिकट, कापसासारखा पांढरा पडतो. डोळ्याला तो अजून मासाच दिसतो, पण माशाच्या जिभेला त्यात काही उरलेलं नसतं. म्हणून तो काढून नवा लावायचा. कलेजीचं असंच. ती इतकी मऊ की दोर फेकताना हवेतच सुटून पडते, म्हणून कोणी तिला मीठ लावून घट्ट करतात, कोणी दोऱ्याचे वेढे देतात, कोणी जुन्या नायलॉनच्या मोज्याच्या चौकोनी तुकड्यात तिची पुरचुंडी बांधतात. जाळी बारीक, त्यामुळे रक्त झिरपत राहतं आणि मांस मात्र जागेवर राहतं. मार्क ट्वेनच्या १८८४ सालच्या 'हकलबरी फिन'मध्ये मिसिसिपीतला अवाढव्य कॅटफिश सोललेल्या सशावर धरला जातो. कादंबरीतल्या माशाचं वजन कादंबरीचं म्हणून सोडून देऊ, पण ससा सोललेला होता हा तपशील नदीकाठी वाढलेल्या माणसाचा आहे. कातडीत रस अडतो, उघड्या मांसातून तो वाहतो. या सगळ्या खटपटीत उग्र वासाचा प्रश्न कुठेच येत नाही; प्रश्न आहे पाण्यात काय विरघळतं आणि किती वेळ, एवढाच.

यावर सरळ आक्षेप असा की मुरवलेल्या आमिषावर चॅनेल कॅटफिश लागतात. एकदोन नव्हे, पिढ्यान्‌पिढ्या लागत आले आहेत. ते खरंच आहे, आणि त्याचं कारणही वरच्याच गोष्टीत आहे. चीज मुरतं, रक्त साकळतं, मासा कुजू लागतो, तेव्हा प्रथिनांच्या लांब साखळ्या तुटतात आणि अमिनो आम्लं सुटी होतात. मुरवणं म्हणजे मिशीला वाचता येईल इतकं अन्न मोकळं करणं. दुर्गंधी त्याच क्रियेत सोबत निर्माण होते, आणि माणसाला फक्त तीच कळत असल्यामुळे तो तिलाच कारण समजून बसतो. न्यू जर्सीतल्या इमारतीत एखाद्या कोकणी घरात सुके बोंबील भाजले, तर वरच्या मजल्यावरच्या खिडक्या बंद होतात आणि त्याच वेळी खाली जेवणाऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. दोघांची नाकं एकच वास घेतात, पण एकाला फक्त वास येतो आणि दुसऱ्याला चव आठवते. बरणीपाशी आपण वरच्या मजल्यावरचे असतो. म्हणूनच मुरवण्यालाही मर्यादा आहे. कुजणं फार पुढे गेलं की सुटी झालेली अमिनो आम्लंच जिवाणू खाऊन टाकतात आणि मागे अमोनिया उरतो. तेव्हा बरणी नाकाला सर्वांत असह्य असते, आणि तिच्यातलं कामाचं द्रव्य ओसरू लागलेलं असतं. जितकी घाण तितकं चांगलं, हा हिशेब तिथे उलटा पडतो.

ताजं की मुरलेलं, हा वाद नदीकाठी फार जुना आहे, आणि दोन्ही बाजूंकडे धरलेल्या माशांचे पुरावे आहेत. मला वाटतं तो वाद ऋतूंनी केव्हाच सोडवून ठेवला आहे. कॅन्सस-आयोवाच्या तलावांवर हिवाळ्यात बर्फ धरतं आणि थंडी न सोसलेले शॅड मोठ्या संख्येने मरतात. बर्फ वितळू लागलं की ते सडके मासे वाऱ्याबरोबर एखाद्या काठाला जमा होतात आणि चॅनेल कॅटफिश तिथे गर्दी करतात. त्या थोड्या आठवड्यांत सडका शॅड हेच सर्वांत उत्तम आमिष ठरतं, कारण तलावच त्या वेळी तेच वाढत असतो. मे-जूनमध्ये काठावरच्या तुती पिकतात आणि टपटप पाण्यात पडतात, तेव्हा हेच मासे त्या झाडांखाली येऊन राहतात, आणि जाणता माणूस गळाला तुती लावतो. पूर आला की शेतातली गांडुळं वाहून येतात. मग चढत्या पाण्याच्या कडेला गांडूळ. म्हणजे सडणं हा काही नियम नव्हे, तो एक ऋतू आहे, आणि ताजेपणाही तसाच. चांगलं आमिष ते, जे त्या पाण्याला त्या दिवशी आधीच ठाऊक असतं. एरवी आपण आमिष म्हणतो ते भुरळ घालणाऱ्या, अपूर्व वस्तूला. इथे काम होतं ते ओळखीच्या वस्तूने. जो माणूस दुकानातल्या फळीपुढे कमी वेळ उभा राहतो आणि काठावर जास्त, त्याला ही ओळख लवकर होते.

दक्षिणेकडच्या राज्यांत तर ही ओळख लोकांनी अंगणात लावून ठेवली आहे. कॅटाल्पा नावाचं रुंद पानांचं झाड तिकडे कित्येक घरांपाशी आणि तळ्यांपाशी दिसतं. त्याची पानं खाणारी एका पतंगाची काळी-पिवळी अळी उन्हाळ्यात झाड ओरबाडून टाकते. दुसरा कोणी हळहळला असता. पण इथे झाड लावलेलंच असतं त्या अळ्यांसाठी. त्या वेचतात, मक्याच्या पिठात घालून फ्रिजरमध्ये ठेवतात, आणि काही जण गळाला लावण्याआधी काडीवर उलट्या करून घेतात, म्हणजे आतला रस बाहेरच्या बाजूला येतो. झाडाला पुन्हा पालवी फुटते आणि हे चक्र चालू राहतं. सशाची कातडी काढण्यात आणि अळी उलटी करण्यात तोच एक विचार आहे, आणि तो कोणत्याही प्रयोगशाळेच्या आधीचा आहे. विज्ञानाने या लोकांना नवं तंत्र दिलं असं म्हणवत नाही. त्यांच्या हातांना माहीत असलेल्या गोष्टीचं कारण त्याने सांगितलं.

तरी एक मासा या सगळ्या मांडणीला हटकतो, तो म्हणजे फ्लॅटहेड. मोठा झालेला फ्लॅटहेड मेलेल्या, मुरलेल्या अन्नाकडे फारसा वळत नाही. त्याला जिवंत मासा हवा: ब्लूगिल, लहान बुलहेड, तडफडणारा, आपल्या जागेवर धडपडणारा. मग चवीचं हे सगळं शास्त्र त्याच्यापुढे लटकं पडतं का? मला तसं वाटत नाही. जिवंत मासा हलतो तेव्हा पाण्यात कंप उठतो, आणि कॅटफिशच्या कुळात वाताशय आणि कान यांना जोडणारी हाडांची साखळी असल्याने त्यांचे कान तिखट असतात. त्यांच्या त्वचेत जवळच्या जिवाची सूक्ष्म वीजही टिपणारी इंद्रियं आहेत. शिवाय २०१४ मध्ये कॅप्रिओ आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी समुद्रातल्या एका जपानी कॅटफिशबद्दल दाखवून दिलं की वाळूत लपलेल्या किड्याच्या श्वासाने पाण्याच्या आम्लतेत जो किंचित फरक पडतो, तेवढ्यावरून तो किड्याला गाठतो. नुसतं श्वास घेणं हेसुद्धा कुणाच्या तरी इंद्रियाला पुरेसं आमिष असू शकतं. फ्लॅटहेड मांडणी मोडत नाही, रुंद करतो. आमिष म्हणजे माशाच्या कोणत्या इंद्रियाशी बोलायचं याची निवड, आणि ही निवड जातीगणिक बदलते.

याहून जड आक्षेप नीतीचा आहे. दुसऱ्या जिवाची भूक इतक्या बारकाईने समजून घ्यायची, त्याच्या जिभेने विचार करायला शिकायचं, आणि ते सगळं त्याला फसवून धरण्यासाठी. हे समजणं आणखीच वाईट नव्हे का? अज्ञानाने फेकलेल्या गळापेक्षा जाणून लावलेला गळ जास्त निर्दय नव्हे का? हा प्रश्न टाळता येत नाही आणि त्याचं समाधानकारक उत्तर आहे असंही मी म्हणणार नाही. एवढंच म्हणेन की जाणण्याने मारण्याचं ओझं वाढतं, आणि ते वाढणंच योग्य आहे. मुरवलेल्या मऊ आमिषासाठी तीन टोकांचा गळ वापरतात. मासा तो आमिषासकट पोटात घेतो, आणि मग त्याला परत सोडणं म्हणजे नुसतं नावापुरतं सोडणं. कापलेल्या शॅडबरोबर आत वळलेल्या टोकाचा गोल गळ चालतो, जो बहुतेक वेळा जबड्याच्या कोपऱ्यातच रुततो आणि मासा धडपणे सुटू शकतो. व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या केर जलाशयात २०११ साली १४३ पौंडांचा, म्हणजे जवळजवळ ६५ किलोंचा ब्लू कॅटफिश मिळाला. अशा आकाराला पोहोचायला माशाला अनेक वर्षं लागतात. ते ठाऊक असलेला माणूस मोठे मासे सोडतो आणि ताटापुरते लहान ठेवतो. म्हणजे आमिषाच्या निवडीत, मासा हाती आल्यानंतर काय करायचं तेही अर्धंअधिक ठरून गेलेलं असतं.

आणि आमिषाचं ओझं माशापुरतंही थांबत नाही. थर्माकोलच्या वाटीतलं ते गांडूळ बहुतेक वेळा कॅनडातल्या ऑन्टॅरिओच्या शेतांतून आलेलं असतं. तिथे ओल्या रात्री कपाळाला दिवा आणि पायांना डबे बांधून, कंबरेत वाकून माणसं एकेक गांडूळ हाताने वेचतात. त्यांत कित्येक जण व्हिएतनाममधून येऊन स्थायिक झालेले आहेत. गांडुळाची ही जातही मुळात युरोपातली. मिनेसोटासारख्या उत्तरेकडच्या भागात हिमयुगाच्या बर्फाने जमीन पुसून काढली, त्यानंतर तिथली जंगलं गांडुळांशिवायच वाढली. पाचोळ्याचा जाड थर हीच त्यांची जमीन. मासे धरून झाल्यावर उरलेली वाटी प्रेमाने मातीत मोकळी करणाऱ्यांनी तिथे गांडुळं पसरवायला हातभार लावला, आणि तो पाचोळा संपू लागला, त्यात रुजणारी रोपं कमी झाली. उरलेली गांडुळं जंगलात सोडू नका, कचऱ्यात टाका, असं आता तिथे सांगावं लागतं. व्हर्जिनियाच्या नद्यांत ब्लू कॅटफिश स्वतःच शिकारीच्या हौसेपायी १९७० आणि १९८० च्या दशकांत सोडले गेले आणि आज चेसापीक उपसागरातल्या खेकड्यांवर ताव मारत आहेत. जे आमिष या पाण्याचं आहे तेच या पाण्यात लावावं, हे म्हणणं मासा मिळवण्यासाठी जितकं खरं, तितकंच ते पाणी राखण्यासाठीही खरं आहे. हौस आणि जबाबदारी यांची वाट इथे एकच होते, आणि अशा जागा फार नसतात.

एवढं सगळं मांडल्यावरही या विद्येत एक मोठी पोकळी राहते, आणि मला तीच जास्त विचार करायला लावते. बुलहेडच्या मेंदूवर १९७१ साली येले आटेमा यांनी जे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांत दिसलं की चवीची दोन केंद्रं दोन कामं करतात. एक अंगावरच्या रुचिकलिकांच्या आधारे अन्न शोधतं आणि तोंडात घ्यायला लावतं. दुसरं तोंडातल्या रुचिकलिकांच्या आधारे गिळायचं की थुंकायचं ते ठरवतं. मासा दोनदा निर्णय घेतो. आणि आमिषाबद्दल आपल्याला जे जे ठाऊक आहे, ताजं, मुरलेलं, कलेजी, अळी, ते सारं दोन्ही वेळा हो म्हणालेल्या माशांनी सांगितलेलं आहे. जवळ आलेले, मिशीने चाचपून वळलेले, तोंडात घेऊन सोडून दिलेले कितीतरी असतील, त्यांची साक्ष कुणाच्याच वहीत नाही. उलट १९९८ मध्ये कॅन्ससच्या एल्क सिटी जलाशयात मिळालेला १२३ पौंडांचा फ्लॅटहेड, त्या जातीतला विक्रमी मासा, क्रॅपी नावाच्या हातभर लांबीच्याही आतल्या माशासाठी लावलेल्या चिमुकल्या आमिषावर आला होता. कुठल्याच नियमाने त्याने तिथे यायला नको होतं. त्याला त्या दिवशी काय जाणवलं असेल? आपण ज्याला ज्ञान म्हणतो त्यात होकार तेवढे जमा होतात. नकारांचा अभ्यास कसा करायचा, हे मासेमारीत अजून कुणाला नीट साधलेलं नाही, आणि माणसामाणसांतल्या ओळखीतही ते साधलं आहे असं म्हणण्याचं धाडस मला होत नाही.